आजी नेमकी कुठल्या बोटीनं आली?

अमेरिकेच्या मधोमध, गव्हाच्या शेतांत, एका मेनोनाइट कुटुंबाचा दीडशे वर्षांपूर्वीचा माग काढायला मी गेले. प्रश्न साधा होता, बोट कुठली? उत्तर मात्र भलतंच निघालं.

कॅन्ससला चाललेय असं सांगितल्यावर ग्रुपमधल्या एकानंही 'वॉव' म्हटलं नाही. न्यूयॉर्क असतं तर म्हटलं असतं. सॅन फ्रान्सिस्को असतं तर दोघातिघांनी चॉकलेटची ऑर्डरही दिली असती. कॅन्सस म्हटल्यावर एकच प्रश्न आला, "तिथे आहे काय?"

"गहू," मी म्हटलं.

आणि मावसबहीण. ताई विचिटा शहरात विमानांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. तिला दुसरं बाळ झालं होतं, मावशीचा व्हिसा लांबला होता आणि माझ्याकडे तो आधीपासून होता. फ्रीलान्सरला रजा मागावी लागत नाही, त्यामुळे अशा वेळी घरचे सगळे आधी त्याच्याकडेच बघतात. झाली माझी रवानगी.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाई बाळाला बघायला आल्या. वय साठीच्या पुढे, जीन्स, पांढरे कापलेले केस, दारात उभा पिकअप ट्रक. ताई त्यांना आमच्याशी बोलताना सरळ 'काकू' म्हणते, म्हणून मीही म्हणते. काकूंनी हातातल्या ताटावरचा रुमाल काढला. आत दोन-दोन मजल्यांचे पाव. खाली मोठा, त्याच्या डोक्यावर धाकटा. याला झ्वीबाक म्हणतात. ताजा असला की लोण्यासारखा मऊ आणि पुन्हा भाजून कडक केला की महिनोन्‌महिने टिकणारा, आपल्या टोस्टसारखा.

"आमच्या लोकांनी रशियातून निघताना हेच पोत्यांत भरून आणलं होतं," काकू म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही रशियन?"

"छे."

"मग जर्मन?"

"भाषा जर्मन. पण जर्मनही नाही."

"मग?"

"मेनोनाइट."

माझ्या डोळ्यांसमोर लगेच घोडागाडी आणि टोपडी घातलेल्या बायका आल्या. काकूंना ते चेहऱ्यावरून कळलं असावं. "ते आमिश. आमचे चुलतभाऊ," त्या हसून म्हणाल्या आणि पिकअपची किल्ली बोटावर फिरवली.

मी पत्रकार आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "जुने कागद वाचायचा कंटाळा येतो का गं तुला?" झालं. बाळाची अंघोळ आणि ताईचा डबा सांभाळून उरलेले माझे तीन आठवडे तिथेच गेले. त्यांची अट एकच होती, घराण्याचं नाव छापायचं नाही. ती मी पाळतेय.

चारशे वर्षांचं बिऱ्हाड

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

१५२५ साली झुरिकमध्ये काही लोकांनी ठरवलं, बाप्तिस्मा म्हणजे काही बारसं नव्हे. तो माणसानं मोठेपणी, समजून उमजून घ्यायचा. शिवाय हातात शस्त्र धरायचं नाही आणि शपथ घ्यायची नाही. त्या काळातल्या राजांना आणि चर्चला हे परवडणारं नव्हतं. शेकडो लोक मारले गेले. नेदरलँड्समधला मेनो सायमन्स नावाचा कॅथलिक धर्मगुरू १५३६ साली आपलं पद सोडून या लोकांना मिळाला. त्याच्या नावावरून ते मेनोनाइट.

मग सुरू झाला प्रवास. बरेच जण पोलंडमधल्या व्हिश्चुला नदीच्या मुखाशी गेले. डच माणसाला दलदल दिली की तो तिचं शेत करतो, तसं त्यांनी केलं. १७७२ मध्ये तो भाग प्रशियाच्या ताब्यात जायला लागला. प्रशियाच्या राजाला सैनिक हवे होते. लढणार नसाल तर जमीन वाढवू देणार नाही, असा त्याचा खाक्या. तेवढ्यात रशियाच्या कॅथरिन राणीचं आमंत्रण आलं. युक्रेनच्या गवताळ प्रदेशात जमीन घ्या, तुमची भाषा आणि शाळा सांभाळा, सैन्यात येऊ नका. १७८९ साली नीपर नदीकाठी खोर्टित्सा वसाहत झाली आणि १८०४ मध्ये मोलोच्ना. काकूंचं कुटुंब मोलोच्नामधल्या अलेक्झांडरव्होल गावचं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. रशियानं दिलेली सवलत १८७० च्या सुमारास काढून घ्यायचं ठरवलं आणि १८७४ साली सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आला. त्याआधीच, १८७३ मध्ये, बारा जणांचं शिष्टमंडळ उत्तर अमेरिका बघून आलं होतं. स्थळ बघायला जावं, तसं. पुढच्या दहा वर्षांत सुमारे १८ हजार माणसं निघाली. साधारण दहा हजार अमेरिकेत आली, बाकीची कॅनडात मॅनिटोबाला गेली.

कॅन्ससच का? कारण तिथे सांता फे रेल्वे होती. रुळाच्या दोन्ही बाजूंची लाखो एकर जमीन सरकारनं रेल्वेला दिली होती आणि रेल्वेला ती विकायला शेतकरी हवे होते. कंपनीनं सी. बी. श्मिट नावाचा जर्मन बोलणारा माणूस खास यासाठी नेमला होता. आजच्या भाषेत सांगायचं तर टार्गेट कस्टमर आणि रिलेशनशिप मॅनेजर. अलेक्झांडरव्होलचं जवळजवळ अख्खं गाव, आपल्या धर्मगुरूसकट, १८७४ च्या उन्हाळ्यात उठलं आणि हॅम्बुर्गहून दोन बोटींत बसलं. एक 'सिम्ब्रिया', दुसरी 'ट्युटोनिया'.

टोपलीतलं बाळ

काकूंच्या घरातला वाद याच दोन बोटींवरून होता.

काकूंच्या आई ८८ वर्षांच्या आहेत. नॉर्थ न्यूटनमध्ये ज्येष्ठांच्या वसतिगृहात राहतात. त्यांना मी 'आजी' म्हणू लागले. या आजींची आजी टोपलीतून अमेरिकेत आली, ही घराण्याची गोष्ट. वर्षाच्या आतलं बाळ, विणलेली टोपली, टोपलीत बाळाच्या पायाशी गव्हाच्या बियाण्याची पुरचुंडी. दर नाताळात, मिरीचे चिमुकले बिस्किटांचे गोळे खाताना ही गोष्ट सांगितली जाते. पण एक शाखा म्हणते सिम्ब्रिया, दुसरी म्हणते ट्युटोनिया. आजींना जायच्या आधी याचा निकाल हवा होता. "नव्वदीच्या आत," त्या म्हणाल्या, "नंतर मला ऐकू येईलसं वाटत नाही."

कुणाही दोन मेनोनाइट माणसांची ओळख झाली की ती एक खेळ खेळतात. तुझं आडनाव काय, आईचं माहेरचं काय, आजोबा कुठल्या गावचे? चौथ्या-पाचव्या प्रश्नाला नातं निघतंच. त्याला ते चक्क 'मेनोनाइट गेम' म्हणतात. मला यात काही नवल वाटलं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये अनोळखी काकू पकडून "म्हणजे तुम्ही कुठले? साताऱ्याचे, की मूळ कोकणातले?" विचारतात, तोच प्रकार.

फरक इतकाच, की यांनी त्याचा डेटाबेस केलाय. नाव 'ग्रँडमा'. कॅलिफोर्नियातली मेनोनाइट इतिहास संस्था तो सांभाळते आणि त्यात दहा लाखांहून जास्त माणसं आहेत. प्रत्येकाला एक नंबर. याची गरजही आहे. आडनावं मोजकी: उनरूह, श्मिट, फोट, बुलर, पेनर, विन्स, फ्रीझन. नावं त्याहून मोजकी: पीटर, याकोब, हाइनरिश, आना, मारिया, कातारिना. एका गावात सहा पीटर उनरूह असले, तर करणार काय? नंबरच लागतो.

ग्रँडमामध्ये आजींची आजी सापडली. जन्म १८७३, मोलोच्ना. ही माहिती घरातल्याच कुणीतरी पूर्वी पाठवली होती. थडग्यावरही १८७३. सगळं जुळत होतं. आता फक्त बोट शोधायची.

मोडीची बहीण

न्यूटनला लागूनच बेथेल कॉलेज आहे. १८८७ मध्ये सनद मिळालेलं, उत्तर अमेरिकेतलं सर्वांत जुनं मेनोनाइट कॉलेज. तिथल्या ग्रंथालय-अभिलेखागारात आम्ही दोघी सकाळी जाऊन बसलो. पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल.

तिथे शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे स्पेलिंगवर विश्वास ठेवायचा नाही. एकच आडनाव चार कागदांवर चार प्रकारे. बोटीवरच्या कारकुनानं ऐकू आलं तसं लिहिलंय.

दुसरी, तारखेवरही नाही. रशियात जुनं कॅलेंडर होतं, ते एकोणिसाव्या शतकात आपल्या नेहमीच्या कॅलेंडरच्या बारा दिवस मागे चालायचं. त्यामुळे एकाच माणसाचे दोन वाढदिवस सापडतात आणि दोन्ही खरे असतात.

तिसरी, लिपी. जुन्या जर्मन कुरेंट लिपीत 'ई' हे अक्षर 'एन'सारखं दिसतं. पहिला तासभर मला सगळ्या पानावर नुसत्या करवतीच्या दातांसारख्या रेघा दिसत होत्या. तिथल्या मदतनीस बाईंनी अक्षरांचा तक्ता पुढे ठेवला. मोडी शिकणाऱ्यांना हा अनुभव ठाऊक असेल. लिहिणाऱ्यानं हात उचललेला नसतो आणि वाचणाऱ्यानं हात टेकलेले असतात.

जेवणाच्या सुट्टीआधी बोट सापडली. सिम्ब्रिया, न्यूयॉर्कला आगमन २७ ऑगस्ट १८७४. नवरा, बायको, तीन मुलगे आणि शेवटी एक मुलगी. वय ११ महिने.

काकूंनी टाळी वाजवली आणि लगेच तोंडावर हात ठेवला, कारण शेजारचे आजोबा दचकले. आम्ही कॅन्टीनमध्ये जाऊन सूप घेतलं. निकाल लागला होता. खरं म्हणजे तिथेच थांबायला हवं होतं.

शेजारी टोळ, घरात सराई

पण मला फीचर लिहायचं होतं. मी म्हटलं, गाव बघूया.

न्यूटनहून उत्तरेला गसेल नावाचं छोटं गाव लागतं. अलेक्झांडरव्होलच्या लोकांनी वस्ती केली ती याच पट्ट्यात, आणि त्यांचं चर्च अजून त्याच नावानं हायवेच्या कडेला उभं आहे. गावातल्या संग्रहालयात रेल्वेनं बांधलेल्या निर्वासितगृहाची प्रतिकृती आहे. एका लांबलचक शेडमध्ये कितीतरी कुटुंबं, मध्ये पडदे. आपल्या चाळीतही यापेक्षा जास्त प्रायव्हसी असते. त्या शेडपर्यंत पोहोचायच्या आधी या मंडळींपैकी काही जण काही आठवडे टोपेका शहरात एका कारखान्याच्या शेडमध्ये राहिले होते, म्हातारी मंडळी जमीन पसंत करेपर्यंत.

वर्षही कसलं निवडलं! १८७४ च्या उन्हाळ्यात कॅन्ससवर टोळधाड आली होती. पिकं, झाडांची पानं, सगळं फस्त. आधीचे कितीतरी शेतकरी वैतागून परत पूर्वेकडे निघाले होते आणि त्याच वेळी ही मंडळी उतरत होती. गंमत म्हणजे तो रॉकी माउंटन टोळ आज जगात उरलेला नाही. १९०२ नंतर कुणी तो जिवंत पाहिलेला नाही. मेनोनाइट मात्र आहेत.

झाडं नाहीत, लाकूड नाही, मग पहिल्या थंडीत जाळलं काय? गवत. विटांच्या मोठ्या भट्टीत गवताचे पुळे सारायचे, विटा तापल्या की घर तासन्‌तास ऊबदार. आणि दुसरं इंधन म्हणजे गोवऱ्या. हो, गोवऱ्याच! शेण आणि पेंढा तुडवून, कापून, वाळवून रचलेल्या. ही युक्ती त्यांनी युक्रेनच्या गवताळ प्रदेशातून आणली होती. काकूंना मी फोनवर आमच्याकडच्या भिंतीवर थापलेल्या गोवऱ्यांचा फोटो दाखवला. त्यांनी तो ताबडतोब आपल्या तिन्ही बहिणींना पाठवला.

जवळच्या नाडेनाऊ गावात काहींनी जमिनीपासून थेट छप्पर असलेली गवताची घरं बांधली होती. त्यांना ते 'सराई' म्हणायचे. रशियन भाषेत हा शब्द गोठ्याला, शेडला वापरतात. मूळ फारसी. म्हणजे आपली सराई! तोच शब्द दुसऱ्या वाटेनं चालत कॅन्ससला पोहोचला होता.

एक गोष्ट मात्र संग्रहालयातून बाहेर पडल्यावर काकूंनीच सांगितली. ही जमीन रिकामी नव्हती. कॅन्सस हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते कॉ किंवा कान्सा लोक इथले. करारामागून करार करत त्यांची जमीन आक्रसत गेली आणि १८७३ मध्ये त्यांना उरल्यासुरल्या जागेवरूनही हलवून आजच्या ओक्लाहोमात पाठवलं गेलं. सिम्ब्रिया यायच्या आदल्या वर्षी. "आम्ही स्वातंत्र्यासाठी आलो असं शाळेत शिकलो," काकू म्हणाल्या. "कुणाच्या जागेवर आलो, हे मला पन्नाशीत कळलं." मग बराच वेळ त्या गप्प गाडी चालवत होत्या.

गव्हाचंही कूळ असतं

आता ती पुरचुंडी. कॅन्ससमध्ये गव्हाची एक लाडकी कथा आहे. आना बार्कमन नावाच्या लहानग्या मुलीनं निघण्यापूर्वी एकेक टपोरा दाणा निवडून पेटी भरली आणि त्यातून अमेरिकेचा गहू पिकला. इतिहासकार यावर हळूच खोकतात. हा 'टर्की रेड' नावाचा कडक, थंडीत टिकणारा गहू काही कुटुंबांनी थोडाफार आणला असेलही. पण तो सगळीकडे पसरला तो बर्नहार्ड वॉरकेंटिनसारख्या गिरणीमालकामुळे. त्यानं पुढे बियाणं मोठ्या प्रमाणावर मागवलं आणि असा टणक दाणा दळतील अशा गिरण्या चालवल्या. गोष्टीत मुलगी असते, हिशेबात गिरणीमालक असतो. नेहमीचंच.

पण या गव्हाची पुढची पिढी ऐका. जपानमध्ये संकर करताना एका बाजूला हा अमेरिकेतला टर्की रेड वापरला गेला आणि १९३५ साली 'नोरिन १०' हा बुटका गहू आला. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत नोरिनचा बुटकेपणा आपल्या वाणांत उतरवला. १९६६ मध्ये त्या मेक्सिकन वाणांचं १८ हजार टन बियाणं भारतात आलं. त्यातूनच पुढे 'कल्याणसोना' आणि 'सोनालिका'. म्हणजे ऑफिसच्या डब्यातल्या पोळीची वंशावळ काढली तर एक पणजी युक्रेनहून कॅन्ससला आलेली निघते!

एक ओळ जास्त

दुसऱ्या दिवशी परत अभिलेखागारात गेलो ते केवळ फोटोकॉपी घ्यायला. मदतनीस बाई म्हणाल्या, "१ मार्च १८७५ ची कॅन्ससची राज्य जनगणना बघितलीत का? पोहोचल्यावर सहा महिन्यांतच झालेली."

बघितली. नवरा, बायको, तीन मुलगे.

मुलगी नाही.

"राहून गेलं असेल," काकू म्हणाल्या. जनगणनेत माणसं राहून जातात, हे खरं. मग १८८० ची बघितली. नवरा, बायको, आता पाच मुलं आणि हो, मुलगी होती. तेच नाव. वय ४. जन्मस्थळ: कॅन्सस.

१८७३ साली जन्मलेली मुलगी १८८० मध्ये चार वर्षांची कशी?

आता उरलं चर्चचं पुस्तक. अलेक्झांडरव्होलच्या लोकांनी आपली जन्ममृत्यूची नोंदवही पोलंडहून रशियाला आणि रशियाहून कॅन्ससला वाहून आणली होती. सतराव्या शतकापासूनच्या नोंदी त्यात आहेत. घरं सोडली, वही सोडली नाही. इतर अनेक ख्रिस्ती पंथांत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो, त्यामुळे त्याची एक वेगळी नोंद राहते. मेनोनाइटांत बाप्तिस्मा मोठेपणी. म्हणजे बाळ मोठं झालंच नाही, तर त्याच्या नावावर जन्म आणि मृत्यू एवढंच उरतं.

एव्हाना मला करवतीच्या दातांतून नावं दिसू लागली होती. पहिली नोंद मलाच सापडली. जन्म सप्टेंबर १८७३. शेजारी बारीक क्रूस. नोव्हेंबर १८७४. आणि त्याच कुटुंबात खाली, फेब्रुवारी १८७६, पुन्हा मुलगी. पुन्हा तेच नाव.

मूल गेलं तर पुढच्याला तेच नाव द्यायची या लोकांत तेव्हा रीतच होती. टोपलीतलं बाळ अमेरिकेला पोहोचलं होतं, पण पहिला हिवाळा लागता लागताच गेलं. आजींची आजी वेगळी. ती कुठल्याच बोटीनं आली नव्हती.

काकूंनी पेन्सिल खाली ठेवली. "आता आईला काय सांगू?" एवढंच म्हणाल्या.

(चौकट)
तुम्हालाही घराण्याचा माग काढायचाय?

• आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे जा, मग इंटरनेटकडे. रेकॉर्डिंग करा. शब्द न्‌ शब्द महत्त्वाचा असतो, का ते पुढे कळेल.

• एका कागदावर थांबू नका. त्याच माणसाचे किमान तीन वेगवेगळे कागद जुळवा. न जुळणारा कागदच सगळ्यात कामाचा.

• एकच नाव दोनदा दिसलं तर ती चूक समजू नका. ती दोन माणसं असू शकतात.

• तारीख कुठल्या कॅलेंडरची आहे ते बघा. आपल्याकडे शके आणि संवत आहेतच.

• जे सापडेल ते कुणाला सांगायचं, हे शोधायच्या आधी ठरवा.

'बाळ' म्हणायची

दोन दिवस काकूंनी विषय काढला नाही. मग रविवारी म्हणाल्या, "चल. एकटीला जमणार नाही."

आजींच्या खोलीत खिडकीजवळ एक भरतकाम आणि एक जुनी पत्र्याची बँक होती. मी मुंबईची म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. "बॉम्बे! चांपा तिथून जवळ का?" चांपा म्हणजे छत्तीसगडमधलं चांपा. १९०० च्या अखेरीला पी. ए. पेनर हे मेनोनाइट मिशनरी मुंबईत उतरले आणि पुढे चांपाला त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी काम उभं केलं. तेव्हा तो मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. त्याच दुष्काळाच्या काळात डेव्हिड गर्झ हे न्यूटनचे धर्मगुरू मेनोनाइटांनी जमवलेलं धान्य घेऊन भारतात आले होते. आणि आजी लहानपणी रविवारच्या शाळेत त्या पत्र्याच्या बँकेत चांपासाठी नाणी टाकायच्या. मी सांगितलं, जवळ नाही हो, रेल्वेनं जवळजवळ एक दिवस. त्या थोड्या हिरमुसल्या.

धान्य पाठवायची सवय पुढेही सुटली नाही. मोलोच्नात मागे राहिलेल्यांच्या वाट्याला क्रांती, लुटालूट आणि १९२१-२२ चा दुष्काळ आला. निघून आलेल्यांनी १९२० मध्ये मेनोनाइट सेंट्रल कमिटी काढली, अन्नछत्रं उघडली आणि घोडे उरले नव्हते म्हणून नांगरटीला ट्रॅक्टर पाठवले. इकडेही सगळं गोड नव्हतंच. पहिल्या महायुद्धात लढायला नकार दिला म्हणून कॅन्ससमधल्या मेनोनाइटांची मुलं लष्करी तुरुंगात गेली, चर्चवर पिवळा रंग फासला गेला. जे टाळायला रशिया सोडला, ते इथे चव्वेचाळीस वर्षांनी दारात उभं राहिलं. आणि मूळ मोलोच्ना? २०२२ साली रशियन सैन्यानं तो भाग ताब्यात घेतला. आजी टीव्हीवर नकाशा दिसला की आवाज बंद करतात.

काकूंनी कागद काढले. क्रमानं ठेवले. बोटीची यादी, १८७५, १८८०, वहीचं पान. आजींनी भिंगातून एकेक वाचलं. घाई केली नाही. शेवटच्या कागदावरच्या क्रुसावर त्यांचं बोट थांबलं.

मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "तरीच."

"तरीच काय, मॉम?"

"ती गोष्ट सांगताना आजी कधी 'मी' म्हणायची नाही. मी वीस वर्षांची होईपर्यंत ऐकलीय ती. 'बाळ टोपलीत होतं', 'बाळ बोटीवर रडलं नाही', असंच म्हणायची. बाळ. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्या माणसांची बोलायची पद्धत. ते बाळ म्हणजे तीच, हे आमचं आम्हीच ठरवलं."

खोलीत कुणी बोललं नाही. मला आपलं वाटत राहिलं, ऐंशी वर्षं एक बाई बहिणीची गोष्ट सांगत राहिली, बहिणीचंच नाव लावून, आणि समोरच्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही की कोण बाळ?

काकूंनी हळूच विचारलं, थडग्यावरचं साल बदलून घ्यायचं का? आजींनी मान हलवली. "राहू दे. त्या साली कुणीतरी जन्मलं होतंच ना." मग थोड्या वेळानं, "पण त्या कॉम्प्युटरमधल्या ग्रँडमात ती आहे का? धाकटी?"

नव्हती. एका नावाला एकच नंबर होता, आणि तो मोठेपणी लग्न करून, नऊ मुलं वाढवून गेलेल्या बाईचा होता. "मग घाला तिला," आजी म्हणाल्या. हुकूमच तो. त्याच संध्याकाळी काकूंच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही चारही कागद स्कॅन केले आणि दुरुस्तीचा अर्ज पाठवला. जन्म, मृत्यू, आईबाप. बाकीचे रकाने रिकामे. वय भरायच्या ठिकाणी एक वर्ष दोन महिने.

मी मुंबईला परत आले. मावशीचा व्हिसा झाला. दीडेक महिन्यानं, विरार लोकलमध्ये लटकत असताना, काकूंचा मेसेज आला. शब्द नव्हते, नुसता फोटो. आजींच्या खिडकीत, पत्र्याच्या बँकेला टेकवून ठेवलेलं एक कार्ड. त्यावर थरथरत्या हातानं लिहिलेलं नाव आणि त्याखाली नवा, लांबलचक नंबर.

उतरल्यावर मी माझ्या आजीला फोन लावला. "अगं, तुझ्या आईची ती पेण सोडल्याची गोष्ट आहे ना," मी म्हटलं, "ती परत एकदा सांग. सावकाश. मी रेकॉर्ड करतेय."